गोव्याची हद्द बंद होती तेव्हा घरादारांचं काय झालं?

मृण्मयी_पुणे

माझी आजी गेल्या वैशाखात गेली. सासर बांद्याचं, माहेर पेडणे तालुक्यात. नकाशावर बघितलं तर दोन्ही गावांत दहा-बारा किलोमीटरचंही अंतर नाही. पण ती अधूनमधून एकच वाक्य बोलायची, "सहा वर्सा मी म्हायेराक गेलंय नाय." आम्ही विचारलं की विषय बदलायची.

परवा तिची ट्रंक आवरताना तळाला एक घडी घातलेला कागद सापडला. गोव्यात जायचा परवाना आहे. तिचं नाव, वय, जाण्याचं कारण "आई आजारी". तारखेची जागा वाळवीने खाल्ली आहे. घडी इतकी करकरीत आहे की तो कधी वापरला असेल असं वाटत नाही.

गोवा मुक्तीबद्दल जे वाचायला मिळतं त्यात सत्याग्रह, आग्वादचा तुरुंग आणि डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई असते. ते वाचलं आहे. मला घरातलं हवं आहे. हद्द बंद म्हणजे नेमकं काय बंद होतं? चूल, बाजार, सणवार, आजारपण हे सगळं कसं निभावलं लोकांनी? त्या भागातलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. आजीला विचारायचं राहून गेलं.

---

प्रतिसाद: सुमन_सातार्डा

मृण्मयी बाय, तुझ्या आजीचं वाक्य वाचलं आणि दुपारची भाकरी तशीच राहिली. माझी आई शब्दन् शब्द हेच म्हणायची.

मी १९४७ सालची. गाव सातार्डा, तेरेखोल नदीच्या अलीकडच्या काठाचं. पलीकडे न्हयबाग, पोरसकडे. पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आपण. आईचं माहेर पोरसकड्याला. आमच्या परड्यातून खाली उतरलं की नदी, आणि पहाटे वारा पडलेला असला की पलीकडचा कोंबडा आमच्या घरात ऐकू यायचा. होडीत बसलं की एक विडा रंगेपर्यंत माहेर. १९५४ पर्यंत आईला आपण "परदेशात" जातोय असं कधी वाटलंच नाही. सकाळी भाकऱ्या थापून जायची, दिवेलागणीला परत. येताना पदरात मीठ, सुकी मासळी. इकडून जाताना मिरची, कांदे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आमच्या वाडीतल्या बाया जायच्या, तिकडची माणसं बांद्याच्या बाजाराला यायची. सोयरीक तर इतकी मिसळलेली की कुणाचं घर कुठल्या सरकारात हे लग्न ठरवताना कोण विचारत नव्हतं.

१९५४ मध्ये परवाने सुरू झाले. तरी ओळखीपाळखीने माणसं जायची. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रह्यांवर पोर्तुगिजांचा गोळीबार झाला, वीसहून जास्त सत्याग्रही मारले गेले, आणि त्यानंतर आपल्या सरकारने नाकेबंदी केली. हे नीट समजून घे, कारण पुष्कळांना वाटतं की हद्द पोर्तुगिजांनी बंद केली. त्यांचा पहारा, त्यांची झडती होतीच. पण माल, गाडी, मनिऑर्डर, येणं-जाणं बंद केलं ते दिल्लीने. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार, त्याला नमवायचं म्हणून. हेतू चांगला होता, यात मला कधी शंका वाटली नाही. पण नमला कोण? गोव्याच्या बाजारात पुढे हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, तांदूळ बोटीने बाहेरून आला. मामा नंतर सांगायचा, "आम्ही बटाटो खाल्लो तोय बोटीतसून इल्लो." तिकडे खाणी जोरात होत्या, लोखंडाची माती जपानला जात होती, म्हणून पैसाही फिरत होता. लिस्बनला चटका बसला नाही. चटका बसला तो आमच्या होडीवाल्या तारीला, कांदे-मिरची विकणाऱ्या बाईला, आणि माझ्या आईला.

आता घरातलं सांगते.

माझ्या धाकट्या मावशीचं लग्न १९५५ च्या उन्हाळ्यात झालं, बांद्याला दिली. लग्नाच्या वेळचीही एक गोष्ट आहे. पोर्तुगीज राज्यात छापायची प्रत्येक गोष्ट आधी सरकारी सेन्सॉरला दाखवावी लागे, लग्नाची पत्रिकासुद्धा. आजोबा पत्रिकेचा मजकूर घेऊन दोनदा खेपा घालून आले. शेवटी म्हणाले, छापूच नको, माणूस धाडून अक्षता देऊया. मावशीच्या लग्नाची पत्रिका म्हणून नाही.

त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सप्टेंबरात आली. आमच्याकडे लेकीच्या पहिल्या चवथीला माहेरून ओझं येतं. नारळ, केळीचा घड, काकडी, भोपळा, नेवऱ्या (करंज्या), लाडू, सगळं पाटल्यांत, म्हणजे टोपल्यांत, भरून डोक्यावरून आणतात, आणि ते आलं की शेजारीपाजारी बघायला जमतात. लेकीची सासरी किंमत त्यावरून ठरते, असा तो काळ. आजीने तीन दिवस बसून नेवऱ्या केल्या. मामा आणि एक गडी ओझं घेऊन न्हयबागच्या तरीपर्यंत, होडी लागते तिथपर्यंत, आले. तिथे त्यांच्या पोलिसांनी पाटले उतरवून घेतले. नेवऱ्या फोडून बघितल्या, आत काय चिठ्ठीबिठ्ठी आहे का. मग होडी सोडायची नाही म्हणून सांगितलं.

मी आईबरोबर अलीकडच्या काठावर उभी होते. पाऊस भुरभुरत होता. मामाने पलीकडून एक हात वर केला, एवढंच दिसलं. आईने हाक मारली, तर आपल्या बाजूचा शिपाई म्हणाला, "बाई, ओरडायचं नाही." तो शिपाई घाटावरचा होता, वाईट माणूस नव्हता, पण त्याला काय ठाऊक की समोर दिसतोय तो तिचा पाठचा भाऊ आहे. मामा ओझं घेऊन परत फिरला. मावशीच्या सासूने पुढे पुष्कळ वर्षं ते ऐकवलं, "तुझ्या म्हायेरसून ओझा इला नाय." हद्द बंद होती हे तिलाही ठाऊक होतं. तरी ऐकवलं.

बातम्या कशा यायच्या? रात्री. डोंगराकडून आडवाटेने माणसं जा-ये करायची. काही घड्याळं, सोनं, नायलॉनचं कापड आणायची, काही नुसती निरोप आणायची. तिकडे विलायती माल स्वस्त, इकडे मिळत नाही, मग ज्याच्या हाताला काम नाही तो पोरगा हे करणारच. आमच्या वाडीतला एक अठरा वर्षांचा पोरगा पकडला गेला, अंगाला बांधलेली बारा घड्याळं सापडली. सुटून आला तो गप्पच झाला. त्याच्या आईने दोन वर्षं आमच्याकडे भात कांडलं. त्याला चोर म्हणणाऱ्यांनी तिच्या घरची चूल बघितली नव्हती.

१९५८ च्या आषाढात आजी गेली. आम्हाला कळलं अठराव्या दिवशी. म्हशी शोधायला गेलेल्या एका धनगराने सांगितलं. आई भात लावत होती, गुडघाभर चिखलात. तिने हातातला तरवा खाली ठेवला नाही. तो वाफा पुरा केला, मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. भटजी म्हणाले, बारावं झालेलं आहे, कळल्यापासून तीन दिवस धर. तीन दिवस ती मागच्या पडवीत बसून होती, तोंड नदीकडे करून. मी अकरा वर्षांची. मला एवढंच कळत होतं की आजीचं घर दिसतंय, त्या घराच्या कौलातून धूरही येताना दिसतोय, आणि आई तिथे जाऊ शकत नाही.

तुझ्या आजीच्या परवान्यावर "आई आजारी" लिहिलंय म्हणतेस. अर्ज करायला सावंतवाडीला जायचं, दोन माणसांच्या सह्या आणायच्या, मग वाट बघायची. माझ्या आईनेही केला होता. आजारपण परवान्यासाठी थांबत नाही. तुझी घडी करकरीत का असेल याचा मला अंदाज आहे, बाय. पण तो माझा अंदाज. तिच्या माहेरच्या घरी कुणी असेल तर तिथे पणजी कधी वारली ती तिथी विचार.

---

प्रतिसाद: गिरगावकर_

सुमनताई, नमस्कार करतो. माझे वडील डिचोलीजवळचे, गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर. तेव्हा मुंबईत गोव्याची लाखाच्या आसपास माणसं असतील असं म्हणतात. कुणी बोटीवर, कुणी स्वयंपाकी, कुणी बँडमध्ये, कुणी आमच्या वडिलांसारखे खिळे जुळवणारे. गोव्याची एकूण वस्तीच सहा लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घराचा एक पाय मुंबईत. ते घर महिन्याच्या मनिऑर्डरीवर चालायचं.

वडील दर महिन्याच्या सात तारखेला पंचवीस रुपये पाठवत. मनिऑर्डर बंद झाली त्या महिन्यात ते पोस्टातून पैसे परत घेऊन आले आणि जेवले नाहीत, असं आई सांगायची. पुढे कुणी परवान्याने जाणारा भेटला तर त्याच्याकडे द्यायचे. कधी पोचायचे, कधी नाही. पोचले का हे कळायला तीन-चार महिने.

पैसे येईनात तेव्हा आजीने हातातल्या पाटल्या आणि एक पुतळ्यांची माळ पणजी शहरातल्या बँकेत तारण ठेवली. पावती पोर्तुगीजमध्ये, तिला वाचता येत नव्हती, तिने ती देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवली. १९५९ मध्ये तिकडे रुपया जाऊन एश्कुद आला, एका रुपयाला सहा. आजी हिशेब मात्र शेवटपर्यंत रुपयांत आणि तांग्यांत (तिकडच्या आण्यांत) करायची. १९६१ च्या डिसेंबरात आपलं सैन्य यायच्या आधी लोकांचं ते तारण सोनं लिस्बनला हलवलं. एकट्या आजीचं नव्हे, शेकडो घरांचं.

परत आलं १९९१ मध्ये. तीस वर्षांनी. मी स्वतः वडिलांना घेऊन गेलो होतो. पुडकं कापडात शिवलेलं होतं, वर नंबर. आत पाटल्या होत्या, माळ होती, माळेतली एक पुतळी वाकलेली, ती वडिलांनी लहानपणी दातांनी चावली होती. त्या खुणेवरून त्यांनी ओळखली. आजी १९८३ मध्ये गेली. तिचे हात मला रिकामेच आठवतात, काचेच्या दोन बांगड्या. लोकांना वाटायचं म्हातारी साधी आहे.

---

प्रतिसाद: कॅसलरॉकचा_दिनू

थोडी रेल्वेची बाजू. माझे आजोबा कॅसलरॉक स्टेशनावर हमाल. मुरगाववरून येणारी मीटरगेज गाडी घाट चढून तिथे यायची, गोव्याकडचं शेवटचं मोठं स्टेशन कुळें, आपल्याकडचं पहिलं कॅसलरॉक. दोन्हीकडे कस्टमची तपासणी, त्यामुळे सामान उतरव-चढव करायला भरपूर हमाल लागायचे. आजोबा सांगत, पन्नासेक माणसं त्या फलाटावर पोट भरत होती. ऑगस्ट १९५५ मध्ये गाडी बंद झाली. फलाट तिथेच, रूळ तिथेच, माणसं तिथेच, गाडी नाही. काही दिवस आजोबा सवयीने वेळेवर लाल डगला घालून जात राहिले. मग लोंढ्याला गेले, तिथून हुबळीला.

बेळगावची भाजी, दूध, कोंबड्या-अंडी त्या गाडीने गोव्यात जायची. ती अडकली तेव्हा इकडच्या मळेवाल्यांचाही माल पडून राहिला, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

याच भागातल्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गुप्त रेडिओ चालवत. सुरुवात नोव्हेंबर १९५५ मध्ये आंबोलीकडे, नंतर कॅसलरॉकच्या जंगलात. कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. सहा वर्षं पावसात, जळवांत, सापांत काढायची म्हणजे काय, ते रान ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज शरण आल्यावर याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर लोकांना ते सांगितलं.

---

मृण्मयी_पुणे

तिघांचेही मनापासून आभार. सुमनआजी (चालेल ना?), मामेआजोबांना फोन केला. पणजी १९५७ च्या कार्तिकात गेली. परवान्यावरचा रबरी शिक्का भिंगाने बघितला, त्यात "डिसें" एवढं वाचता येतं. म्हणजे परवाना हातात आला तेव्हा आई जाऊन महिना होत आला होता. म्हणून तो वापरला नाही. आणि टाकलाही नाही.

एक विचारू का? तुमच्या आईला सत्याग्रह्यांचा राग यायचा का? त्यांच्यामुळे हद्द बंद झाली असं वाटायचं का?

---

प्रतिसाद: सुमन_सातार्डा

आजी म्हण, चालेल.

नाही, राग नव्हता. उलट सांगते. त्या १५ ऑगस्टला माझी मावशी बांद्याला होती, लग्न होऊन तीन-चार महिने झालेले. आदल्या दिवसापासून गाव माणसांनी भरलं होतं. कोण पंजाबचा, कोण बंगालचा, कोण मध्य प्रदेशचा. भाषा कळत नव्हती, पण पेज मागताना हाताची खूण सगळ्यांची सारखीच. सकाळी ते हद्दीवरच्या पत्रादेवीकडे चालत गेले, हातात झेंडा आणि बाकी काही नाही. दुपारी परत आणले ते दारांच्या फळ्यांवर, डोलीत, पाठुंगळी. मावशीच्या सासूने, त्याच सासूने जिने ओझ्यावरून आयुष्यभर टोमणे मारले, ट्रंक उघडून आपल्या तीन धुवट साड्या फाडल्या पट्ट्यांसाठी. मावशी पाणी तापवत होती. तिला आठवायची ती सागरची सहोदराबाई, बाईमाणूस असून हातात झेंडा घेऊन पुढे गेलेली, गोळ्या लागलेली. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. पंजाबचा कर्नैलसिंग गेला, त्याचंही नवंनवंच लग्न झालेलं, असं तेव्हा बांद्यात सगळे बोलत.

आजी गेल्याची बातमी आली त्या तीन दिवसांत आई पडवीत बसून एकदाच बोलली. म्हणाली, "त्या पंजाबच्या पोराच्या आवशीक कितव्या दिसाक कळला असतला?" माझ्या मनातून ते वाक्य कधी गेलं नाही. ती स्वतःचं मोजत होती आणि त्याच्या आईचंही मोजत होती.

मला राग आहे तो वेगळा. पत्रादेवीला स्मारक आहे, असायलाच हवं, मी दर वर्षी जाते. पण ज्यांनी पट्ट्या फाडल्या, ज्यांच्या मनिऑर्डरी परत आल्या, ज्या तारीची होडी सहा पावसाळे काठावर पालथी पडून कुजली, त्यांच्याबद्दल शाळेत शिकवायला मला चार ओळी मिळाल्या नाहीत. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत होते. दर डिसेंबरात पुस्तक मिटून हे मुलांना तोंडी सांगायची.

आता शेवटचं. १९६१ च्या डिसेंबरात आठवडाभर सावंतवाडीच्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या जात होत्या. रात्री दिवे न लावता. १८ तारखेला पहाटे लांबून धडाम धडाम ऐकू आलं, भांडी हलली. पोर्तुगीज मागे हटताना पूल उडवत होते, अस्नोड्याचा, डिचोलीचा, पुढे बाणस्तारीचा, बोरीचा. आम्हाला तेव्हा वाटलं तोफा. आजूबाजूची माणसं काठावर जमली. पलीकडच्या चौकीत कोण दिसत नव्हतं. १९ ला रात्री बातमी आली.

आई लगेच गेली नाही. मला वाटलं होतं धावत जाईल. ती म्हणाली, कोणाकडे जाऊ? मग जानेवारीत मामाच स्वतः आला, होडी उसनी घेऊन. आई त्याच्याबरोबर गेली आणि चार दिवस राहिली. काय बोलली, काय केलं, मला माहीत नाही. आल्यावर तिने परड्यातला नदीकडचा कुडाचा बांध थोडा मोडला आणि पूर्वीसारखी वाट केली.

आणि १९६२ च्या चवथीला मामा मावशीकडे ओझं घेऊन आला. सात वर्षं उशिरा. मावशीला तोवर तीन पोरं झाली होती. पाटले अंगणात उतरले, सासू दारात येऊन उभी राहिली, शेजारणी जमल्या. मीही होते, पंधरा वर्षांची. नेवऱ्या मामीने केल्या होत्या, आजीच्या हातच्या नव्हत्या, कडेची मुरड जाड होती. मावशीने एकीलाही हात लावला नाही. तिने मामाला उंबऱ्यावर बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, आवस शेवटाक काय बोलली?

मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "तारी इलो काय, म्हणान इचारी होती."